गॅरेज विकणे आहे

काकू पुन्हा नापास झाल्या, आणि ही बातमी त्यांना मराठीतून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

मी ट्रॉयमध्ये मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणाऱ्या एका केंद्रात नोकरी करते. नवऱ्याची नोकरी गाड्यांच्या ब्रेकच्या कंपनीत. डेट्रॉइटच्या या बाजूला आमच्यासारख्या बहुतेक घरांत एक तरी माणूस गाडीच्या कुठल्या ना कुठल्या भागावर पोट भरतो. मी मात्र अमरावतीला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, त्यामुळे इथे आल्यावर तेच करायचं ठरवलं. केंद्र एका बंद झालेल्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत भरतं. पाणी प्यायचे नळ अजून लहान मुलांच्या उंचीचे आहेत आणि पंचावन्न-साठीची माणसं कमरेत वाकून पाणी पितात. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, बुटांना लागून आलेल्या त्या मिठाचे पांढरे डाग दारापाशी पडलेले असतात.

काकू कराडच्या. मुलाकडे राहायला आल्या होत्या. मुलगा-सून दोघंही कामावर, नात डेकेअरमध्ये. दुपार खायला उठते म्हणून त्या वर्गात यायला लागल्या. हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. पण इंग्रजी शिकण्याचं त्यांचं खरं कारण लवकरच बदललं. दुसऱ्या पातळीच्या वर्गात त्यांच्या शेजारी एक इराकी बाई बसायची. मोसुलची, काकूंच्याच वयाची, उंच, मोठ्यानं हसणारी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. इंग्रजी जेमतेम. तरी त्यांच्या गप्पा थांबायच्या नाहीत. डबे उघडले जायचे, फोनमधले नातवंडांचे फोटो फिरायचे, गुडघ्यांवर हात ठेवून दोघी एकदमच कण्हायच्या आणि हसत सुटायच्या.

मग ती इराकी बाई वाचनाची परीक्षा पास होऊन तिसऱ्या वर्गात गेली. काकू दुसऱ्यातच राहिल्या.

"मला इंग्रजीशी काही घेणं नाही," काकू मला म्हणाल्या होत्या. "माझी मैत्रीण वर गेली. मला वर जायचंय."

आणि आता त्या पुन्हा नापास झाल्या होत्या. केंद्राच्या प्रमुख बाईंनी मला बोलावून उत्तरपत्रिका हातात दिली. या बाई म्हणजे निवृत्त शाळामास्तरीण. जन्म मिशिगनचा, पांढरे आखूड केस, कानांत नेहमी लांब लोलक. "तू तुमच्या भाषेत सांग," त्या म्हणाल्या. "माझ्या इंग्रजीतून सांगितलं तर उगाच कठोर वाटेल."

मी काकूंना रिकाम्या वर्गात घेऊन बसले. सांगितलं. त्यांनी ओठ आवळले, पदर सारखा केला, मग म्हणाल्या, "बरं. पण कुठे चुकलं ते तरी दाखव. मी सगळा उतारा वाचला होता. दोनदा वाचला."

परीक्षा आमच्या केंद्राचीच होती, जुन्या शिक्षकांनी वर्षानुवर्षं जमवलेली. एक उतारा, खाली प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. हा उतारा एका कुटुंबाच्या गॅरेज सेलचा होता. आमच्याकडे उन्हाळ्यात गल्लोगल्ली हे चालतं. घरातल्या जुन्या वस्तू काढायच्या, गॅरेजचं दार उघडून टेबलांवर मांडायच्या आणि येईल त्याला स्वस्तात विकायच्या. काकू आल्या होत्या बर्फ पडायच्या बेतात असताना. त्यांनी गॅरेज सेल डोळ्यांनी बघितलेलाच नव्हता.

"या उताऱ्यात काय झालं, मला मराठीत सांगा," मी म्हटलं. खरं तर नुसतं त्यांचं मन हलकं व्हावं म्हणून विचारलं.

"अगं, ते लोक गॅरेज विकतायत."

 काकू पुढे सांगत राहिल्या.

"आईनं कोपऱ्यावर पाटी लावली. लोक सकाळी सकाळीच आले. का आले, तर जागा उजेडात नीट बघायला. जागा घ्यायची म्हणजे ओल आहे का, भिंतीला चीर आहे का, बघायला नको? मग एक म्हातारा आला. त्यानं दिवा विकत घेतला. बिचाऱ्याची गॅरेज घ्यायची ऐपत नव्हती गं. म्हणून त्यातला दिवा तेवढा घेतला. दुपारपर्यंत सगळं विकलं गेलं. मग बाप रिकाम्या गॅरेजकडे बघून हसतो आणि म्हणतो, 'अखेर!' आता इथे त्यांनी विचारलंय, त्याला कसं वाटलं? मी लिहिलं, वाईट वाटलं."

"पण तो हसला असं लिहिलंय ना, काकू?"

"हसला, पण वरवर. जागा गेली की हातची! बायको-मुलांसमोर रडेल का तो?"

मी उत्तरपत्रिकेकडे बघितलं. कुटुंब काय विकतंय? काकूंची खूण: गॅरेज. चूक. लोक लवकर का आले? जागा नीट बघायला. चूक. वडिलांना कसं वाटलं? दुःखी. चूक. ओळीनं लाल फुल्या. आणि त्या लाल फुल्यांच्या मागे एक आख्खी गोष्ट उभी होती, जिचा एकही धागा सुटा नव्हता. काकूंनी एक शब्दजोडी चुकीची धरली होती आणि बाकी सगळं त्यावर इतक्या बेमालूम रचलं होतं की म्हाताऱ्याच्या दिव्यालाही जागा सापडली होती.  इतकी वर्षं मी मुलांना उताऱ्यावरचे प्रश्न घालत आले होते, पण वाचताना माणसाच्या डोक्यात काय चालतं ते इतकं उघड्यावर कधी बघितलं नव्हतं.

"काकू," मी म्हटलं, "तुम्ही फार छान वाचलंय."

"मग नापास का केलं?"

मी त्यांना गॅरेज सेल म्हणजे काय ते सांगितलं.  त्यांनी कागद ओढून घेतला, उतारा पुन्हा वर-खाली बघितला आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. "म्हणजे जुनं सामान गेलं म्हणून तो 'अखेर' म्हणाला! बायकोनं साठवलेलं असणार सगळं!" मग पेन मागून घेऊन त्यांनी सगळी उत्तरं भराभर बदलली. एकही चुकलं नाही.

मी धावतच प्रमुख बाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. "गोड आहे," त्या म्हणाल्या. "पण एका बाईवरून परीक्षा बदलता येत नाही. तिची मैत्रीण झाली ना पास याच परीक्षेत?"

बरोबर होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्या मैत्रिणीला गाठलं. तिसऱ्या वर्गाच्या मधल्या सुट्टीत तिच्याकडे गेले, तोच गॅरेजचा उतारा पुढे ठेवला आणि तिनं तेव्हा कशी उत्तरं दिली ते मला दाखवशील का, असं विचारलं. ती खूश झाली. बाही सारून बसली. मला वाटलं ती आधी उतारा वाचेल. तिनं उताऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. थेट प्रश्नावर बोट ठेवलं, त्यातला एक शब्द पकडला, मग ते बोट उताऱ्यावरून सरसर फिरवत तोच शब्द शोधला, त्याच्या आजूबाजूचं वाक्य बघितलं आणि पर्यायांत ज्याच्यात तसेच शब्द होते त्याच्यावर खूण केली. दुसरा प्रश्न, तसंच. तिसरा, तसंच. शेवटच्या प्रश्नाला तिनं उताऱ्यात 'हसला' शोधलं आणि 'आनंदी'वर खूण केली. सगळी उत्तरं बरोबर.

"आणि गोष्ट काय आहे?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघून मोकळेपणानं हसली. "नो स्टोरी! आय नो रीड स्टोरी. टू मच लाँग. आय लुक क्वेश्चन, आय फाइंड सेम वर्ड. फिनिश!"

तिला त्यात लपवण्यासारखं काहीच वाटत नव्हतं, आणि खरंच नव्हतंही. परीक्षेत तिच्याकडे उत्तरं मागितली होती, तिनं उत्तरं दिली होती. मी तिथेच बाकावर बसून राहिले. जी समजून वाचत होती ती खाली बसली होती आणि जी वाचतच नव्हती ती वर गेली होती! मला राग यायला हवा होता. पण मला आला तो नुसता उत्साह.  कारण मला एकदम आठवलं, ही युक्ती मला येते. आपल्या सगळ्यांना येते. शाळेत 'उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा' आलं की आपण काय करत होतो? प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ते वाक्य उचलायचं, 'कारण' लावून खाली उतरवायचं. संस्कृतचे आख्खे उतारे मी असेच मारले होते.

त्या संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा मी टेबलावर कागद मांडून बसले होते.

"आज डिनर नाही, टेस्ट आहे?" त्यानं कोट काढत विचारलं.

"दोन मिनिटं. मराठी उतारा आहे. वाच आणि उत्तरं दे."

उतारा मी दुपारीच रचला होता. असा:

'काल एका कुरमट टिंगोळात तीन टुंबरे झुलपत होते. थोरला टुंबरा फार चिमसट झाला होता, कारण त्याचा मिरगूल कुणीतरी खुडपला होता. धाकट्या टुंबऱ्याने त्याला आपला मिरगूल दिला आणि तिघे पुन्हा झुलपू लागले.'

"हे काय आहे?"

"वाच ना. टुंबरे कुठे झुलपत होते?"

"कुरमट टिंगोळात."

"थोरला टुंबरा चिमसट का झाला होता?"

"कारण त्याचा मिरगूल कुणीतरी खुडपला होता."

"धाकट्यानं काय केलं?"

"आपला मिरगूल त्याला दिला. भला माणूस दिसतोय."

"पैकीच्या पैकी!" मी टाळी वाजवली. "आता सांग, टुंबरा म्हणजे काय?"

"मला काय माहीत, यार?"

"पण तू तर पैकीच्या पैकी मार्क घेतलेस!"

तो कागद हातात घेऊन बघतच राहिला. मग त्याला काय झालं ते उमगलं आणि तोही हसायला लागला. जेवताना आम्ही त्याच नादात होतो. भात वाढताना तो म्हणाला, "माझा मिरगूल कुठे खुडपला कोणी?" पण जेवण झाल्यावर त्यानंच एक चांगला प्रश्न काढला. इंजिनिअरची सवय. म्हणाला, "आम्ही ब्रेक टेस्ट करतो ना, तेव्हा आधी टेस्टिंग मशीन टेस्ट करतो. ब्रेक न बसवता मशीन चालवून बघतो. तेव्हाही मशीननं 'ब्रेक छान आहे' असं दाखवलं, तर मशीन बाद. तुमच्या परीक्षेतून उताराच काढून टाकला तर?"

 उताराच काढून टाकायचा!

शिक्षकांची बैठक त्याच आठवड्यात होती. मी प्रमुख बाईंची परवानगी घेतली, पण काय करणार ते नीट सांगितलं नाही. केंद्राच्या वेगवेगळ्या परीक्षांतले प्रश्न मी एका पानावर आणले आणि सगळ्यांना वाटले. सगळे म्हणजे आम्ही अर्धवेळ शिक्षक, बहुतेक निवृत्त माणसं, कॉफीचे मग घेऊन लहान मुलांच्या खुर्च्यांवर अवघडून बसलेली.

"उतारा कुठाय?" एका आजोबांनी पान उलटून बघितलं. ते पूर्वी विज्ञान शिकवायचे.

"उतारा नाही. तसंच सोडवा."

"हे कसं शक्य आहे?"

"बघा तरी."

कुरकुरत सगळ्यांनी पेनं काढली. मुलीचा दात दुखत होता म्हणून ती कुठे गेली? बँकेत, दंतवैद्याकडे, सिनेमाला की बागेत? माणसानं जाड कोट का घातला? कारण बाहेर थंडी होती, कारण त्याला भूक लागली होती, कारण बस उशिरा आली... कुरकुर हळूहळू थांबली. कुणीतरी फसकन हसलं. आजोबा मान हलवत भराभर खुणा करत होते. मी उत्तरं वाचून दाखवली तेव्हा खोलीतल्या प्रत्येकाची बहुतेक सगळी उत्तरं बरोबर होती. एकाही माणसानं एकही ओळ वाचली नव्हती.

मग मी गॅरेजचा आणि इराकी मैत्रिणीचा किस्सा सांगितला, अर्थात कुणाचं नाव न घेता. टुंबऱ्यांचा उतारा मी इंग्रजीत करून नेला होता, तोही सोडवायला लावला. आजोबांना पैकीच्या पैकी. "म्हणजे मला टुंबऱ्यांची भाषा येते तर," ते गंभीरपणे म्हणाले आणि सगळी खोली हसली.

प्रमुख बाई हसत नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला होता. "तो दातांचा उतारा," त्या म्हणाल्या, "मी लिहिलाय."

  मला ते माहीत नव्हतं.

"फार वर्षांपूर्वी," त्या म्हणाल्या. "मला तो चांगला जमलाय असं वाटायचं." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला, पान पुन्हा वाचलं आणि मान वर केली तेव्हा त्यांचे लोलक हलत होते, कारण त्या हसत होत्या. "दात दुखत असताना सिनेमाला कोण जातं? हा पर्याय मी का दिला असेल? बरं, मग आता काय करायचं म्हणतेस?"

पुढचा महिना माझ्या नोकरीतला सगळ्यात मजेचा महिना होता. सरकारी अनुदानासाठी जी ठरलेली परीक्षा घ्यावी लागते तिला हात लावता येत नव्हता. पण कुणाला कुठल्या वर्गात बसवायचं हे आमचं आम्ही ठरवत होतो, आणि तेवढं बदलायला बाईंनी मोकळीक दिली. आम्ही ठरवलं, आधी उतारा वाचू द्यायचा. मग कागद पालथा घालायचा आणि वाचलेलं सांगायला लावायचं, ज्याला ज्या भाषेत सांगायचं त्या भाषेत. मराठी-हिंदी मी बघणार. अरबी आणि स्पॅनिश बोलणारे सहकारी होते. ज्यांची भाषा आमच्यापैकी कुणालाच येत नव्हती त्यांनी चित्र काढून, हातवारे करून, नाटक करून सांगायचं. त्यानंतर मोजकेच प्रश्न, पण असे, की उतारा वाचल्याशिवाय सुटणार नाहीत आणि नुसते शब्द जुळवूनही सुटणार नाहीत.

असे प्रश्न काढणं किती अवघड आहे ते मला तेव्हा कळलं. मी प्रश्न काढायचे, नवऱ्याला उतारा न दाखवता विचारायचे आणि तो चहा ढवळत बरोबर उत्तर द्यायचा. मग तो प्रश्न केराच्या टोपलीत. तो चुकला की मी आनंदानं ओरडायचे. "तू नापास झालास!" आमच्या शेजाऱ्यांना आमच्या संसाराबद्दल काय वाटलं असेल कोण जाणे.

एक उतारा मला फार आवडला होता. प्रमुख बाईंनी आणि मी मिळून लिहिलेला. बर्फाच्या वादळात एका गल्लीतली वीज जाते. बाकी सगळ्यांच्या शेगड्या विजेच्या, एका माणसाकडे तेवढी गॅसची शेगडी असते. शेजारची म्हातारी थंड सूपचं भांडं घेऊन दार वाजवते. तिच्यामागून दुसरं घर येतं, मग तिसरं. आख्खी गल्ली त्याच्या स्वयंपाकघरात गोळा होते. एकदम दिवे येतात. कुणीही उठत नाही. गोष्ट तिथे संपते. प्रश्न होता, कुणी उठलं का नाही? उताऱ्यात याचं उत्तर कुठल्याच वाक्यात लिहिलेलं नव्हतं.

काकूंची परीक्षा प्रमुख बाईंच्या समोरच झाली. काकूंनी ओठ हलवत उतारा वाचला. मग कागद पालथा घालून मराठीत सांगायला लागल्या. भांडं कसं धरलं असेल ते दाखवलं, दारावर टकटक केली, शेगडीवर हात शेकून दाखवले. मी इंग्रजीतून सांगत होते, पण प्रमुख बाईंचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. त्या काकूंचे हात बघत होत्या.

"आणि दिवे आल्यावर कुणी उठलं का नाही, काकू?"

"दिवे आले म्हणजे आता आपापल्या घरी जायला पाहिजे ना," काकू म्हणाल्या. "पहिला कोण उठणार? जो उठेल तो मोडणार सगळं. कुणालाच जायचं नव्हतं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. प्रमुख बाईंनी टेबलावर थाप मारली. "तिसरा वर्ग!" त्या म्हणाल्या. "आजपासून!"

मी काकूंना मिठीच मारली. पण आमचा आनंद दुपारपर्यंतच टिकला. कारण तिसऱ्या वर्गाचीही त्याच दिवशी परीक्षा होती. इराकी मैत्रिणीनं अरबीतून सांगितलेली गोष्ट आमच्या अरबी बोलणाऱ्या सहकारी बाईंनी ऐकली. त्या माझ्याकडे आल्या आणि खांदे उडवून म्हणाल्या, "ती म्हणते, एक माणूस, एक शेगडी, एक बाई, सूप, दिवे. मी विचारलं, लोक उठले का नाहीत? तर म्हणाली, कारण दिवे आले."

म्हणजे काकू वर, आणि मैत्रीण खाली. दोघींची नुसती अदलाबदल!

काकूंना कळलं तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काय गं," त्या म्हणाल्या, "तू माझं काम केलंस की मोडलंस?"

 प्रमुख बाई आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होत्या. मी त्यांना प्रकरण सांगितलं. काकूंना मैत्रिणीशेजारी बसण्यासाठीच वर जायचं होतं हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला आणि स्वच्छ निर्णय दिला. कुणालाही खाली ढकलायचं नाही. ती बाई बोलते छान, ऐकून तिला सगळं कळतं, ती तिसऱ्यातच राहील. पण ज्यांना वाचायला जड जातं त्यांच्यासाठी रोज वर्गाआधी वाचनाचा एक तास ठेवायचा आणि तो तास मी घ्यायचा. "तू आग लावलीस," त्या म्हणाल्या, "आता शेगडीही तूच सांभाळ."

पहिल्याच दिवशी त्या तासाला काकूही येऊन बसल्या. त्यांना यायची गरज नव्हती. मी तसं म्हटलं तर त्यांनी मैत्रिणीच्या शेजारची खुर्ची ओढली आणि डब्यातले मेथीचे ठेपले काढून टेबलावर ठेवले. मैत्रिणीनं पिशवीतून खजुराची बिस्किटं काढली.

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. मी उतारा द्यायचे आणि मैत्रिणीचं बोट आपोआप कागदावरून सरसरायला लागायचं, शब्द शोधायला. मी प्रश्नच काढून टाकले. मग ती गोंधळली. शोधायचं काय? उताऱ्याकडे ती परक्याच्या घरी बसल्यासारखी अवघडून बघायची. मी म्हणायचे, "मला गोष्ट सांग." ती वाक्यं वाचून दाखवायची. "वाचू नको, सांग." ती हात वर करायची. "सिस्टर," ती काकूंना म्हणायची, "शी वाँट व्हॉट?" काकूंनाही ते इंग्रजीत समजावून सांगता यायचं नाही. पण त्या उताऱ्यातलं एखादं माणूस व्हायच्या. चिडलेली शेजारीण, झोपाळू वॉचमन. मैत्रीण खदखदून हसायची आणि पुन्हा कागदाकडे बघायची, या वेळी जरा जास्त वेळ.

मग एक दिवस आला. खिडकीबाहेर पार्किंग लॉटमधला शेवटचा बर्फ वितळून काळपट झाला होता. त्या दिवशीचा उतारा एका माणसाचा होता. तो नव्या गल्लीत राहायला येतो. कुणी बाहेर नसताना कचरा टाकायला जातो. शेजाऱ्यांची चाहूल लागली की आत वळतो. आणि उन्हाळ्यात सगळ्यांच्या पायऱ्यांवर सकाळी सकाळी टोमॅटोच्या पिशव्या दिसतात, चिठ्ठी नाही, नाव नाही.

"कसा आहे हा माणूस?" मी विचारलं.

काकूंनी लगेच उत्तर दिलं. "ही इज अँग्री. अँग्री विथ पीपल. नो टॉक."

मी मैत्रिणीकडे बघितलं. तिचं बोट कागदावर फिरायला निघालं, अर्ध्यावर थांबलं. तिनं बोट उचललं. पहिल्या ओळीवर गेली आणि ओठ हलवत सगळं पुन्हा वाचायला लागली. सावकाश. शेवटाला आली. मग मान वर करून काकूंकडे वळली.

"नो!" ती म्हणाली. "नो अँग्री. अँग्री मॅन गिव टोमॅटो? ही इज शाय!"

 "शाय कुठे लिहिलंय?" मी विचारलं.

तिनं कागद उचलला. सवयीनं शोधायला लागली. वरून खाली, खालून वर. कागद उलटून मागची कोरी बाजूसुद्धा बघितली. मग तो टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. 

"नो राइट," ती म्हणाली. "बट आय नो."

मी खुर्चीवरून उठलेच. काय करावं कळेना म्हणून तिचा हात धरून जोरजोरात हलवला. "येस!" मी ओरडले. "येस, येस!" शेजारच्या वर्गातून आजोबा डोकावून गेले. मैत्रिणीला वाटलं आपण परीक्षा पास झालो. तिला समजावून सांगणं माझ्या आवाक्यात नव्हतं. मी नुसती मान हलवत राहिले.

काकूंना मात्र ते पटलं नव्हतं. "लाजरा असता तर दार उघडून हसला तरी असता," त्या मला मराठीत म्हणाल्या. "हा माणूसघाणा आहे." मी ते मैत्रिणीला सांगितलं तशी ती उसळली. तास संपला, वर्गाची घंटा झाली, दोघी तिसऱ्या वर्गाकडे निघाल्या तरी त्यांचं चालूच होतं. दुपारी मी बाहेर पडले तेव्हा पार्किंग लॉटच्या कडेला दोघी गाड्यांची वाट बघत उभ्या होत्या. वाऱ्यानं काकूंची शाल उडत होती. मैत्रीण आपली पिशवी फुटपाथवर अलगद ठेवून पळून जाऊन दाखवत होती, खांदे आक्रसून, मान खाली घालून, आणि थोड्या अंतरावरून वळून विचारत होती, "सी? सी?"

काकू हाताची घडी घालून बघत होत्या. "डू अगेन," त्या म्हणाल्या.